सनई क्रमांक ११२ यांना खुले पत्र

श्रीमती सनई, क्रमांक ११२,
मुक्काम पोस्ट टॅबलेट, यांस सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला आपण हजेरी लावलीत, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले. आपण मानधन मागितलं नाहीत. प्रवासखर्च नाही, पानसुपारी नाही, "मधे जरा चहा सांगा" नाही. सॅम्पलर ॲप फुकट, त्यात भरलेली साउंडफॉन्टची, म्हणजे वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांची, फाईल फुकट आणि वाजवणारा मी, मुलीचा मामा, तोही फुकटच. फुकट ते पौष्टिक, असं म्हणत मी ऐन अंगठीच्या क्षणी आपला षड्ज दाबून धरला. पुढच्या रांगेतल्या तिघांनी एकदम आपापले मोबाईल तपासले. व्याही माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मामा, बाहेर कुणी गाडी रिव्हर्स घेतंय का?"

घरी येऊन आपला पत्ता शोधला. १९९१ साली जनरल मिडी नावाची १२८ खोल्यांची चाळ बांधली गेली. कुठल्याही कंपनीचं यंत्र असो, अमुक नंबर मागितला की अमुकच वाद्य वाजावं, अशी सोय. पियानोला पहिली खोली. गिटारींना अख्खा मजला. आपल्या देशाच्या वाट्याला दोन खोल्या आल्या, त्याही 'एथ्निक' असा फलक लावलेल्या बोळात: १०५ मध्ये सतार, ११२ मध्ये आपण. मधे बँजो, जपानचे शामिसेन आणि कोटो, आफ्रिकेचा कलिंबा, बॅगपाइप आणि फिडल. पाटीवर आपलं नाव 'शनाई'. ना धड सनई, ना धड शहनाई. तबल्याला तर खोलीच मिळाली नाही, पण १२६ मध्ये हेलिकॉप्टर आणि १२८ मध्ये बंदुकीची गोळी सुखाने नांदतात. मला सर्वांत आवडली ती १२२ नंबरची खोली. तिथे श्वासाचा आवाज ठेवलाय. सनई ११२ मध्ये आणि फुंकर दहा दारं सोडून! मग साखरपुड्यात आपला ऊर का भरून येत नव्हता, याचा उलगडा झाला.

दाटीवाटीबद्दल मात्र आपल्याला दोष देत नाही. १९९४ च्या साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई ३२ या कार्डाने ही सगळी चाळ १ मेगाबाइटमध्ये बसवली होती. आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या व्हिडिओला याहून जास्त जागा लागते.

पण आता टॅबलेटमध्ये जागा रग्गड आहे, तरी आपण तशाच. मी आपली फाईल उघडून पाहिली. तीन सप्तकांना मिळून तीन ध्वनिमुद्रणं. कुणा अनामिक वादकाने कधीकाळी मारलेल्या दोन-दोन सेकंदांच्या फुंकीवर आपला संसार चाललाय. सूर लांबवला की तोच तुकडा गोल गोल फिरतो आणि दर फेरीला सांध्यावर बारीकसा 'टक्' वाजतो. वरचा सूर हवा असेल तर तोच तुकडा भरभर पळवायचा, म्हणजे सुरातला कंपही भरभर. मध्य सप्तकात जी थरथर गोड वाटते, ती तार सप्तकात हिवतापाची होते.

आणि मींड! षड्जावरून गंधाराकडे जावं म्हणून मी पडद्यावरची पट्टी पार वरपर्यंत सरकवली, तर आपण रिषभावर येऊन थबकलात. मूळ सेटिंगमध्ये दोन अर्धस्वरांपुढे जायची आपल्याला मुभा नाही म्हणे. सेटिंग बदललं. मग आपण गंधारापर्यंत गेलात खऱ्या, पण लिफ्टसारख्या.

सगळी फुकट वाद्यं अशी नसतात, हे मान्य करायला हवं. त्याच फाईलमधला पियानो मी रात्री हेडफोन लावून वाजवतो आणि मजेत वाजवतो. पियानोत सूर लागतो आणि विरतो, त्यामुळे तो नमुन्यात मावतो. तबल्याचा 'ना'सुद्धा मावेल एक वेळ. डग्ग्यावर मनगट दाबत काढलेला घुमारा नाही मावत. सनईचं तर सगळं दोन सुरांच्या मध्येच घडतं. छिद्रावरून अर्धवट उचललेलं बोट, ओठांत दाबलेली पत्ती, छातीतून सुटणारा दम. २००१ साली बिस्मिल्ला खाँसाहेबांना भारतरत्न मिळालं, ते काही कळ दाबल्याबद्दल नव्हे.

तरीही माझी खोड जाईना. वाटलं, आपल्यालाच सुधारावं. गावातल्या एका सनईवाल्यांकडे माईक घेऊन गेलो. त्यांना म्हटलं, "राग-बिग नको. फक्त एकेक सूर सुटा सुटा द्या. आधी सा."

त्यांनी सनई ओठांना लावली, मग खाली घेतली. "साहेब, कुठून आलेला सा? निषादावरून चढलेला, का रिषभावरून उतरलेला?"

"नुसता," मी म्हटलं.

"नुसता सा आमच्यात वाजत नाही," ते म्हणाले आणि सनई पिशवीत ठेवू लागले. मी माईक बंद केला आणि लग्नाच्या तारखेचा विसार त्यांच्या हातावर ठेवला. सोबत चौघडेवाला आणि सूर धरणारा, असे तिघे येणार आहेत. पानसुपारी वेगळी, चहा दोनदा.

तेव्हा श्रीमती ११२, लग्नाला येण्याची तसदी घेऊ नये. मांडवात प्लगसाठी एकच जागा आहे आणि ती कॉफीच्या मशीनला दिली आहे.

आपला (आता नसलेला),
मुलीचा मामा