थोरला, धाकटा आणि स्वल्पविराम

सातबारा गटाचा, आठ-अ खातेदाराचा. शिवारात चार गटांत विखुरलेली जमीन एका खात्याखाली गोळा केली की आठ-अ होतो. संगणकवाले यालाच ‘ग्रुप बाय’ म्हणतात आणि शहरात त्याचा भरघोस पगार घेतात. तलाठ्यांनी हे काम कधीच शाईने करून ठेवलं होतं.

अनेक ओळींची एक करायची म्हणजे काहीतरी गाळावं लागतं. जुन्या उताऱ्यांवर ‘ए.कु.मॅ.’ असे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव थोरल्याचं, धाकटे आणि बहिणी कागदावर कुठंच नाहीत. थोरला हयात असेपर्यंत कुणाचं अडत नसे. नंतर मात्र वकिलांचं चांगलं चाले.

आमच्या बीडच्या ऊसतोडीचा हिशोब याहून धीट. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, धारूर, शिरूर कासारकडच्या टोळ्या कारखान्यांची वाट धरतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा. आगाऊ उचल कोयत्यावर, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हातात. मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणारी बाई त्या आकड्यात आहे खरी, पण शोधून सापडायची नाही. एसटीत तिला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. वहीत ती कितीतरी आधीपासून अर्धी आहे.

त्यामानाने मायएसक्यूएल या डेटाबेसचं ‘ग्रुप कॉन्कॅट’ सज्जन. ते कुणाला गाळत नाही, सगळी नावं स्वल्पविराम देऊन शेजारी-शेजारी बसवतं. क्रम सांगितला नाही तर धाकटा थोरल्याच्या आधी येऊ शकतो, आणि भावकीत तेवढं कारण पुरतं. खरी गंमत पुढे आहे. मूळ मर्यादा १०२४ बाइटची. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून. इंग्रजी हजारभर अक्षरं मावतात तिथे आपली चिन्हं साडेतीनशेही मावत नाहीत. सामाईक गटाच्या वारसांची यादी ऐटीत निघते आणि कुणाच्या तरी आडनावात तुटते. यंत्र एक इशारा देतं, पण तोही सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकारा’सारखा, भांडण झाल्याशिवाय कुणी वाचत नाही.

तेव्हा गावचे वारस एका ओळीत बसवणार असाल, तर आधी ‘ग्रुप कॉन्कॅट मॅक्स लेन’ वाढवून घ्या आणि क्रमही सांगून टाका. बहिणींची नावं मुळात तक्त्यात आहेत का, तेही एकदा बघा. नसतील तर कुठलीच क्वेरी ती आणून देणार नाही.