चालू आहे, दिसत नाहीये

कॉम्प्युटर हँग झाला की चारचौघे पॉवरचं बटण दाबून धरतात आणि चहा टाकायला जातात. लिनक्सवाल्याला ही चैन परवडत नाही. आधी निदान, मग बटण! वीजबिलाची शेवटची तारीख असो की मुलीचा प्रवेशअर्ज अर्धवट भरलेला असो, पडदा काळाठिक्कर पडला की तो खुर्ची पुढे ओढतो आणि जाहीर करतो, "मशीन चालू आहे. फक्त दिसत नाहीये."

"मग बंदच ना?" बायको विचारते.

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. कॅप्स लॉक दाबायचं असतं. त्याचा दिवा लागला-विझला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बहुधा शुद्धीवर आहे. दिवा आपणहून लुकलुकू लागला, तर कर्नल पॅनिक, आणि तिथे कुणाचंच काही चालत नाही. मग कंट्रोल, आल्ट, एफ-३. नशीब असेल तर काळोखातून पांढऱ्या अक्षरांचा कन्सोल उगवतो, म्हणजे रुसलंय ते फक्त ग्राफिक्स. नाहीतर दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरायचं. त्यासाठी लागणारा सर्व्हर उबंटूच्या डेस्कटॉपवर आपणच बसवावा लागतो, हे नेमकं त्याच क्षणी आठवतं.

आता ब्रह्मास्त्र. आल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून ठेवायचं आणि सावकाश आर, ई, आय, एस, यू, बी दाबायचं. कीबोर्ड ताब्यात घे, प्रोग्रॅमना निघायची विनंती कर, न ऐकणाऱ्यांना मार, राहिलेलं डिस्कवर लिही, डिस्क वाचनापुरती ठेव, रीबूट कर. एवढ्या रीतसर निरोपानंतर फायलींना सहसा धक्का लागत नाही. दारातून बघणाऱ्याला मात्र एक गृहस्थ बोटं वाकडी करून काळ्या पडद्यासमोर जप करताना दिसतो. त्यात उबंटूने ही सोय मुळात १७६ या आकड्यावर ठेवलेली. सोळा, बत्तीस आणि एकशे अठ्ठावीस यांची ही बेरीज, म्हणजे शेवटची तीनच अक्षरं मंजूर. पहिल्या तिघांचं पुण्य वाया.

यंत्र उठलं की ग्रबच्या, म्हणजे बूटच्या, मेनूत जायचं. अपडेटनंतर हे दुखणं लागलं असेल, तर जुनं कर्नल निवडून बघावं. तेवढ्याने नाही भागलं, तर बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' लिहायचं. मग कर्नल ग्राफिक्सच्या वाटेला जात नाही, आणि पडदा दिसतो, पण अक्षरं आजोबांना वाचायला दिल्यासारखी ढब्बू.

ग्राफिक्सवरचा हा राग थोरामोठ्यांचाही आहे. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला उद्देशून कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं. २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूल मुक्त परवान्याखाली खुले केले. बोटाचा हा परिणाम मानायचा, तर दहा वर्षं जरा जास्तच झाली.

सगळ्यात मौज अलीकडची. वर्षानुवर्षं विंडोजच्या निळ्या पडद्याची टर उडवणाऱ्या लिनक्सने २०२३ च्या डिसेंबरात, सिस्टमडी या व्यवस्थापक प्रोग्रॅमच्या २५५ व्या आवृत्तीत, स्वतःचा निळा पडदा आणला. पाठोपाठ कर्नलनेही, पॅनिक झाल्यास निदान दोन शब्द बोलून जायची सोय केली. त्या संदेशाच्या पार्श्वभूमीचा रंग कर्नल बांधताना निवडता येतो.

मुळातला रंग काळा आहे.