गाडीला नाक कसं बसवावं

अभिनंदन. तुम्ही फोर बाय फोर घेतलीत. गेले आठ महिने ती कोथरूड ते हिंजवडी ही खडतर मोहीम रोज पार पाडते आहे आणि फोर-लोचा दांडा अजून शोरूममधल्या जागीच आहे. पण परवा सिग्नलला शेजारी तशीच गाडी येऊन थांबली. तिच्या काचेच्या कडेनं थेट छतापर्यंत एक काळं नळकांडं गेलं होतं. तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. समजू शकतो. आम्हीही त्या रात्री काढल्या आहेत.

त्या नळकांड्याला स्नॉर्कल म्हणतात. बॉनेटखालची हवा ओढणारं इंजिन मग छताच्या उंचीवरची हवा ओढतं, एवढंच त्याचं काम. नाव पाणबुडीवरून आलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अशी नळी पाण्याबाहेर काढून खाली डिझेल इंजिन चालवत. हे वाक्य पाठ करा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लागतं.

१. आधी गरज निर्माण करा. घरून 'कशाला?' असा प्रश्न येणारच. उत्तर एकच द्या : २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि या आकड्यापुढे आजवर कुणाची बायको वा नवरा बोललेला नाही. आपण राहतो टेकडीवर, तेही पुण्यात, असं कुणी काढलंच तर 'हवामान बदलतंय' म्हणा आणि खिडकीबाहेर बघत राहा.

२. पत्रा कापा. ही पायरी उभ्यानं बघवत नाही, म्हणून खुर्ची मागवा. मेकॅनिक पुढच्या मडगार्डवर कागदी साचा चिकटवेल, मार्करनं खुणा करेल, एक डोळा मिटून बघेल, साचा काढून पुन्हा चिकटवेल. मग ड्रिलला होल सॉ लावेल. होल सॉ म्हणजे दात आलेली वाटी. ती फिरायला लागली की रंगाचा भुगा उडतो, जळका वास येतो आणि ज्या गाडीवर काल पारव्यानं घाण केली म्हणून तुम्ही वॉचमनला झापलं होतं, तिच्या अंगाला मूठ आत जाईल एवढं भोक पडतं. कापलेली चकती मेकॅनिक तुमच्या तळहातावर ठेवेल. ती गरम असते. फेकू नका, डॅशबोर्डवर ठेवा. एवढा महागडा पत्रा पुन्हा हातात यायचा नाही. भोकाच्या कडांना रंग लावायला सांगायचं राहून जाईल, पण गंज कामाला लागेल तेव्हा आठवेल.

३. जोड सील करा. किंवा नका करू, कारण हे बाहेरून दिसत नाही. नियम असा की एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक जोड क्लॅम्प आणि सिलिकॉननं बंद हवा, डब्याच्या तळाला पाणी निचरायचं भोक असेल तर तेही. एक फट राहिली तरी इंजिन वरून हवा खातं आणि खालून पाणी पितं. तपासायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवा आणि स्नॉर्कलच्या तोंडावर तळवा घट्ट दाबा. काम चोख असेल तर इंजिन घुसमटून बंद पडतं. तुमचं चालूच राहील, तेही खुशीत. मित्रांना सांगा, 'बघा, काय दमदार इंजिन आहे!'

(हे सगळंच जड वाटत असेल तर डबल साइड टेपनं चिकटणारं नुसतं शोभेचं नाक मिळतं. आतून ते कशालाच जोडलेलं नसतं. आम्हाला विचाराल तर बाजारातला सर्वांत प्रामाणिक स्नॉर्कल तोच.)

४. धुळीबद्दल गप्प राहा. वरची हवा स्वच्छ असते. ताफ्यात पुढच्या गाडीचा धुरळा खात जाताना एअर फिल्टर जास्त टिकतो. स्नॉर्कलचा हा खरा, रोजचा फायदा. पण फिल्टर कमी झाडावा लागतो या गोष्टीवर आजवर कुणी रील केलेली नाही.

५. आता पाणी. थारला कंपनीनं ६५० मिलिमीटर पाण्यापर्यंत मुभा दिली आहे, गुरखाला ७००. गुरखाला स्नॉर्कल कारखान्यातूनच येतो, तरी आकडा कमरेखालीच. लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडरला ९००, आणि तिला स्नॉर्कल लागतही नाही. या आकड्यांकडे दुर्लक्ष करा. तुमचं नाक सहा फुटांवर आहे. अल्टरनेटर, वायरिंग, दाराचं रबर आणि तुमचे बूट मात्र जुन्याच उंचीवर आहेत. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडाला की त्याच्या ब्रीदरमधून पाणी आत ओढून घेतो, मग आतलं ऑइल टपरीवरच्या चहाच्या रंगाचं होतं. ब्रीदरची नळी वर घेण्याचा खर्च किरकोळ आहे. म्हणूनच ती कुणी घेत नाही.

फरशीवरून पाणी वाहत असेल तर उतरून काठीनं खोली बघू नका, लोक हसतील. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं. स्नॉर्कलमुळे फरक एवढाच की गाडी वाहत जाताना इंजिन चालू असतं. सावकाश, एका लयीत जायचं असतं, म्हणजे पाण्याची लाट बॉनेटच्या पुढे राहते. पण व्हिडिओत फवारा दिसायला हवा, तेव्हा जोरात घाला.

मधोमध गाडी बंद पडेल. जाणकार सांगतात की अशा वेळी स्टार्टरला हात लावू नये. डिझेल इंजिन हवेला दाबून सोळाव्या हिश्श्याच्या आसपास आणतं. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. तुम्ही सेल्फ मारा. 'ठक्' असा एकच आवाज येईल. तो विम्याच्या कागदांचा. इंजिन संरक्षणाची जोड-पॉलिसी तुम्ही घेतली नव्हती, कारण तेवढ्यात छतावरची लाइटबार बसत होती. आणि मडगार्डचं भोक विमा कंपनीला कळवायचंही राहिलं होतं. मूळ रचनेत केलेल्या बदलांबाबत मोटार वाहन कायद्यात ५२ वं कलम आहे. निवांत वाचा, आता वेळच वेळ आहे.

६. टोचन. काठावरून एक ट्रॅक्टर येईल. घाई करणार नाही. चालक दोर बांधेल, हजार रुपये सांगेल आणि तुम्ही काचेतूनच मान डोलवाल, कारण दार उघडलं तर पाणी सीटवर येतं. त्याच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर धुराडं उभंच आहे, शेजारी हवा घेणारी बुटकी छत्रीही. दोन्ही कारखान्यातूनच आलेली, आणि दोन्हीवर एकही स्टिकर नाही.

काठावर आल्यावर तो तुमच्या नळकांड्याभोवती एक फेरी मारेल, बोटानं टकटक करून बघेल आणि विचारेल, "सायेब, ह्यातनं धूर निघत न्हाई व्हय?"