विरजण आणि वैरण

‘गडी पैसे घालून शेवाळ वाढवतो.’ पाटणला आमच्या गल्लीत माझी ओळख अशी सांगतात, आणि ती शब्दशः खरी आहे. लोक जो हिरवा थर हौदाच्या कडेवरून घासून काढतात, त्याच्याच एका समुद्री भावंडाला मी खिडकीजवळच्या फळीवर सहा बाटल्यांत रोज उजेड, हवा आणि खत देतो. गाव कोयना आणि केरा या गोड्या पाण्याच्या दोन नद्यांच्या संगमावर. जवळचा समुद्र गुहागरला, घाट उतरून शंभरेक किलोमीटरवर. अशा गावात खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवणं, आणि त्या टाकीसाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती घरात वाढवणं, याला शहाणपण म्हणत नाहीत. हे वेड आहे. मला या वेडाची स्तुती करायची आहे. गेल्या काही वर्षांत मी जे धडे शिकलो, ते सगळे या वेडानंच दिले.

मांडणी अगदी साधी. शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली, झाकणाला दोन भोकं. एका भोकातून हवेची कडक नळी तळापर्यंत गेलेली, दुसरं हवा बाहेर पडायला. बाहेर मत्स्यटाकीला लावतात तो छोटा एअर पंप आणि मागे पांढरी एलईडी पट्टी, दिवसाला सोळा तास. आत निर्जंतुक केलेलं खारं पाणी, खताचे मोजून टाकलेले थेंब आणि थोडं जुनं हिरवं पाणी. पहिल्या दिवशी बाटली जेमतेम हिरवट दिसते, तिसऱ्या दिवशी पोपटी होते. सहाव्या-सातव्या दिवशी मागे धरलेलं बोट दिसेनासं होतं. मग अर्धं काढायचं, अर्धं ठेवायचं आणि ठेवलेल्यात नवं खारं पाणी, नवं खत घालायचं. आईनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, “म्हणजे विरजण. सगळं संपवायचं नाही, एवढंच ना?” एवढंच.

या जिवांना मराठीत वनस्पतिप्लवक म्हणतात. प्लवक म्हणजे तरंगणारा. ‘प्लँक्टन’ हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ साली घडवला, तो भटक्या या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. माझ्या बाटल्यांत नॅनोक्लोरोप्सिस आहे. तिची एक पेशी दोन ते चार मायक्रॉनची. केसाच्या जाडीत अशा वीसेक पेशी एका ओळीत मावतात. बाटली दाट झाली की वीसेक थेंबांत एक कोटीहून जास्त पेशी असतात. त्यातली एकही मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलेली नाही. मला दिसतो तो फक्त त्यांचा रंग.

शहाण्या माणसांचा पहिला आक्षेप पाण्यावर असतो. समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून कुंभार्ली घाट चढवायचा कशाला? वीस लिटरच्या कॅनमध्ये मीठ असतं साधारण सातशे ग्रॅम, बाकी पाणीच, आणि पाणी तर इथं दारात आहे. हिशेब बरोबर आहे. पावसाळ्यात मीही मत्स्यटाकीसाठी मिळणारं तयार समुद्री मीठ कालवतो, कारण तेव्हा किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं आणि नद्यांच्या पुरानं त्याचा खारेपणा उतरलेला असतो. पण पाऊस सरला की मी गुहागरचा रस्ता धरतो, आणि त्याचं कारण आमच्या नदीत आहे. कोयना महाबळेश्वराहून दक्षिणेला येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिचं पाणी बंगालच्या उपसागराचं. धरण झालं आणि शिवाजीसागरातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पश्चिमेला पोफळीकडे उतरू लागलं. तिथं वीज करून ते वाशिष्ठीत जातं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. धरणाची क्षमता १०५ टीएमसी, त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी पश्चिमेकडे वळवायला मंजूर. या पाण्याखाली आमच्या खोऱ्यातली गावं गेली. जे पाणी आपण एवढी किंमत देऊन समुद्राला पाठवतो, ते जिथं जातं तिथं काय जगतं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. त्यासाठी मी दोन कॅन परत वर आणतो.

दुसरा आक्षेप असा, की जे दिसतच नाही त्याच्यामागे एवढी मेहनत कशाला. याचं उत्तर मला समुद्रानं दिलं. जगातल्या वनस्पतींचं एकूण वजन केलं तर समुद्रातल्या या प्लवकांचा वाटा एक टक्काही भरत नाही. आणि पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला जवळजवळ निम्मा वाटा त्यांचा आहे. सह्याद्रीतला साग, आमच्या शिवारातला भात, ॲमेझॉनचं जंगल, सगळं मिळून निम्मं; उरलेलं निम्मं हे न दिसणारे जीव करतात. त्यांना खोड नाही, मूळ नाही. आज जन्मलेली पेशी आठवडाभरात दुसऱ्या कुणाच्या पोटात गेलेली असते. आपण श्वासात घेतो त्या हवेचं आणि बाजारातून आणतो त्या बांगड्या-तारलीचं मूळ तिथं आहे. जे दिसत नाही ते बिनमहत्त्वाचं, हे शहाण्यांचं गणित इथं चुकतं.

मला वेडा म्हणणाऱ्यांत शेजारचे आबा नव्हते. त्यांच्या दोन म्हशी आहेत. एका संध्याकाळी ते फळीपुढे बराच वेळ उभे राहिले. बुडबुडे खालून वर येत होते, हिरवं पाणी गरगरत होतं.

“काय वो, एवढा कुटाणा करून ह्याला खातंय कोन?”

“रोटिफर खातात, आबा. डोळ्याला धड दिसत नाहीत एवढे बारीक प्राणी. आणि त्यांना माशांची पिल्लं खातात.”

“म्हंजी वैरण म्हना की.”

“वैरणच.”

“मंग घरचीच पायजे. इकतची वैरण कवा संपंल सांगता येत न्हाई.”

तिसऱ्या आक्षेपाला याहून नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. बाजारात हिरव्या पाण्याच्या तयार बाटल्या मिळतात, मग घरी कशाला करायचं, असं विचारतात. तयार बाटलीतल्या पेशी बहुतेक वेळा मेलेल्या असतात, आणि मेलेली पेशी टाकीत पडली की खाल्ली न गेलेली तळाशी बसते, कुजते आणि पाणी खराब करते. जिवंत पेशी खाल्ली जाईपर्यंत जिवंत राहते. तोवर पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेते. ताजी वैरण आणि वाळकी वैरण यांतला फरक म्हशीला कळतो तसा रोटिफरलाही कळतो.

खताची गोष्टही आबांना लगेच पटली. मी वापरतो त्या खताला एफ/२ म्हणतात. अमेरिकेत रॉबर्ट गिलार्ड आणि जॉन रायथर यांनी १९६२ साली ‘एफ’ नावाचं मिश्रण मांडलं. ते निम्म्या ताकदीचं केलं की एफ/२. लिटरला ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, ५ मिलिग्रॅम फॉस्फेट, चिमटीच्याही चिमटीएवढं लोह, जस्त, मँगनीज, तांबं, कोबाल्ट, मॉलिब्डेनम, आणि तीन जीवनसत्त्वं: थायमिन, बायोटिन, बी-१२. मोठ्या मत्स्यबीज केंद्रांत उघड्यावरच्या टाक्यांना मात्र युरिया, सुपर फॉस्फेट आणि अमोनियम सल्फेट घालतात. म्हणजे भाताला टाकतो तीच पोती. नत्र आणि स्फुरद, दोन्हीकडे भूक एकच.

हे काम दुसरीकडे कुणी केलं तर त्याला वेड म्हणत नाहीत. इंग्लंडमध्ये प्लिमथला ॲलन आणि नेल्सन यांनी १९१० साली समुद्री प्लवक बाटलीत वाढवायच्या पद्धतीवर सविस्तर लिहिलं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेत हे रोजचं काम आहे. रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात हा अभ्यासाचा विषय आहे. काम तेच, बाटली तीच. पाटणच्या एका घरात, पगार नसताना, कुणी सांगितलं नसताना केलं की ते वेड होतं. म्हणजे वेड ठरतं ते कामावरून नाही, ते कुणी आणि कुठं केलं यावरून. हे उमगल्यापासून मला तो शब्द लागत नाही. मी तो मानानं घेतो.

माझ्या टाकीत पोवळी नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्यानं पोवळ्यांना २००१ पासून संरक्षण दिलंय, आणि ते योग्यच आहे. समुद्रातून ओरबाडून आणलेली टाकी मला नको. माझ्याकडे आहे ती विदूषक माशांची एक जोडी, मत्स्यबीज केंद्रात जन्मलेली. मादी दगडावर नारिंगी अंडी चिकटवून मोकळी होते. पुढचा आठवडाभर नर तिथून हलत नाही. परांनी वारा घालतो, मेलेलं अंडं तोंडानं वेचून काढतो. आठव्या दिवसाच्या आसपास, दिवे मालवल्यावर, अंडी फुटतात. निघालेली पिल्लं चार मिलिमीटरची आणि त्यांचं तोंड त्याहून कितीतरी बारीक. त्या तोंडात मावेल असा घास म्हणजे रोटिफर, आणि रोटिफरला हवं हिरवं पाणी. वैरण आधी लावलेली नसेल तर पिल्लं दोन-तीन दिवसांत संपतात. पंधरवडाभर ती जगली की अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटतो. तो पट्टा मी पहिल्यांदा पाहिला त्या पहाटे आईला उठवून टाकीपाशी आणलं. ती खाली बसून पाहत राहिली आणि म्हणाली, “बाळसं धरलंय.”

एका आषाढात संध्याकाळी वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. पंप बंद पडला की पेशी तळाशी बसतात, आणि बसल्या की एकमेकींना गुदमरवतात. रात्रभर मी दर तासाला उठून सहाही बाटल्या हातानं हलवल्या. बाहेर पाऊस कोसळत होता. मेणबत्तीच्या उजेडात तळाचा गडद थर ढगासारखा वर उठायचा आणि पुन्हा पाणी एकसारखं हिरवं व्हायचं. बाटल्या वाचल्या. पण त्या अंधारात रोटिफरच्या भांड्यात बुडवलेला पेला मी हिरव्या बाटलीत बुडवला होता. एकाच पेल्यानं पुढे सहाही बाटल्यांना खत घातलं. चौथ्या दिवशी रंग फिका पडला. सहाव्या दिवशी पाणी पिवळट, वर फेस आणि वास. भिंगातून पाहिलं तर रोटिफर हुंदडत होते. फ्रिजमध्ये ठेवलेली राखीव बाटलीही मी त्याच आठवड्यात उघडून संपवली होती. वर्षानुवर्षं न तुटलेलं विरजण एका पेल्यानं तुटलं. सगळं ओतलं, बाटल्या ब्लीचनं धुतल्या, पालथ्या घातल्या.

आईनं त्या पालथ्या बाटल्या पाहिल्या आणि विचारलं, “कुणाला दिलं होतंस का?”

दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या एका मित्राला, अर्धा लिटर. तो हौशी, त्याची टाकी लहान. मी फोन केला. तो म्हणाला, “ये की, तुझंच आहे.” विरजण शेजारी दिलेलं असलं की आपल्या घरचं नासलं तरी पुन्हा आपल्याकडे येतं, हे आईनं आयुष्यभर केलं होतं. मी ते समुद्राच्या बाबतीत शिकलो. त्या दिवसापासून माझा नियम आहे: जो मागेल त्याला हिरवं पाणी द्यायचं, पैसे न घेता. आज ते कऱ्हाडला आहे, सांगलीला एका घरी आहे, चिपळूणला दोघांकडे आहे.

कऱ्हाडहून परतताना एसटीत खिडकीशी बसलो होतो. झाकण अर्धवट सैल केलेली बाटली मांडीवर धरली होती. मल्हारपेठ मागे पडलं. उजेड पडेल तशी मी ती फिरवत होतो, मधूनमधून हलवत होतो. शेजारच्या मावशींनी विचारलं, “कसलं औषध हाय वो?”

“औषध नाही, मावशी. विरजण आहे.”

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग आपली पिशवी सरकवून मला जागा करून दिली. “मंग नीट धरा,” त्या म्हणाल्या, “हिंदकळू देऊ नगा.”