लाडूला पार्लरला न्यायचंय, होय?

अगं ए, थांब की जरा. कपडे वाळतील सावकाश, कोपरगावचं मार्चचं ऊन कुठं पळून चाललंय? सकाळी तुझा नवरा फोनवर बोलत होता, रविवारी लाडूला नाशिकला पार्लरला न्यायचंय म्हणून. मी काही कान लावून बसले नव्हते हं, भिंतच एवढी बुटकी बांधलीय तुमच्या घरमालकानं. खरंय का? आणि पिल्लाचं वय काय? अडीच महिने? मग रविवारचं रद्द कर.

हसू नको. लसी किती झाल्यात? एकच ना? पहिली सहा-आठ आठवड्यांची असताना देतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, ते पार सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. शेवटची टोचल्यावर दोनेक आठवडे जाऊ दे. म्हणजे मे उजाडेल. तोवर जिथं दहा घरची कुत्री येऊन जातात तिथं ह्याला टेकवायचं नाही. पार्वो माहितीय ना? उलट्या, रक्ताची हगवण, चार दिवसांत पिल्लू हातचं जातं. तो विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनेलला दाद देत नाही.

मला कसं माहीत? अगं, माझी भाची नाशिकला अशाच पार्लरात कामाला आहे. दिवसभर कुत्र्यांची नखं, कुत्र्यांचे कान. फोनवर सासूच्या तक्रारी पाच मिनिटं आणि कुत्र्यांच्या गोष्टी तासभर. आपल्या गल्लीच्या टोकाला राहतात ना ते, मोठ्या फाटकवाले? त्यांचं ल्हासा तिच्याकडंच गेलं होतं. नाव नको घेऊस, बाई घरात असेल. वरवरून ब्रश फिरवायचे आणि वाटायचं झालं. केस वरून मऊ, आत कातडीला चिकटून सगळ्या जटा. त्यात गोखरूचे काटे. शेवटी मशीन लावून पार भादरावं लागलं. ते बिचारं दोन दिवस सोफ्याखालून बाहेर येईना, आणि हे गावभर सांगत सुटले की पार्लरवाल्यांनी कुत्रं बिघडवलं! पार्लरवाले काय करतील? केस बाजूला करून मुळापासून विंचरायचे असतात, कानामागं, काखेत, शेपटीखाली. तिथंच गुंता होतो.

आणि तुझा नवरा काय म्हणत होता, उन्हाळा आहे तर लाडूचा टक्कलच करून टाकू? त्याला सांग, पामेरियन आहे तो. म्हणजे विकणाऱ्यानं पामेरियन म्हणून दिला, आपल्याकडं मिळतात ते बहुतेक स्पिट्झच. पण दोघांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, आतला लोकरीगत. वरचा थर उन्हाची तलखी अडवतो. मशीन मारलं तर कातडी भाजते, आणि केस परत येतात ते कधीकधी तुटक, ठिगळं ठिगळं. आतले सुटलेले केस विंचरून काढायचे, बस्स. गोचीड दिसली तर डॉक्टरला विचार. गोठ्यातलं औषध अंदाजानं फासू नको, एवढ्याशा जिवाला बाधतं. रॉकेल तर नावच काढू नको.

मग मेपर्यंत काय करायचं म्हणतेस? अगं, खरं काम तर आत्ताच आहे! पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघेल, ऐकेल, ज्याचा हात लागेल, ते त्याला आपलं वाटतं. पुढं नवीन प्रत्येक गोष्टीला दचकतं. आमच्याकडं गाया होत्या तेव्हा पहिलारू कालवड गाभण राहिली की शेवटचे दोन-तीन महिने मी रोज तिच्या कासेवरून हात फिरवायची. सासरे म्हणायचे, कशाला लाड? पण व्याली की ती लाथ उचलायची नाही. आणि शेजारच्या वाड्यात? पहिल्या धारेला चार माणसं, पायाला दोरी, बादली उताणी. तसंच हे. पार्लरच्या टेबलावर त्याच्या पंजाला पहिल्यांदा कुणी हात लावला, तर ते चावणारच.

तर रोज थोडा वेळ मांडीवर घे. एकेक पंजा उचल, बोटं फाकव, नखं दाब, सोड. कान उलटा कर, आत बघ. ओठ वर करून दात बघ. दर वेळी तोंडात काहीतरी टाक. उकडलेल्या चिकनचा कण पुरे. आणि हे बघ, आपण लासलगाव-येवल्याच्या कांद्यात आणि नाशिकच्या द्राक्षांत राहणारी माणसं, पण कुत्र्याला नेमक्या ह्याच दोन गोष्टी विष. मनुके, बेदाणेसुद्धा. तुझ्या सासूबाई प्रसादातला मनुका भरवतात त्याला, मी पाह्यलंय. तूच सांग त्यांना, मी सांगितलं तर वाईटपणा येतो.

ड्रायरचं राहिलंच. भाची म्हणते, कात्रीला कुणी भीत नाही, त्या फुंकणीलाच भितात. तुझा केस वाळवायचा आहे ना? आधी आतल्या खोलीत चालू ठेव, हा बाहेर खात असताना. मग रोज थोडा जवळ आण. अंगावर सोडायचा तो गारच वारा, आणि तोंडावर कधीच नाही. नखं घरी कापायचा शहाणपणा करायचा तर फक्त टोक उडव. काळ्या नखात आतली शीर दिसत नाही. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉर दाबून धर. आंघोळीला आपला शाम्पू नको, त्यांची कातडी आपल्याहून पातळ. तसंही नळाला पाणी येईल त्या दिवशीच आंघोळ, रोज कुठली!

काका? आमचे? ते काल म्हणालेच, कुत्र्याला कसलं पार्लर, आमच्या वेळी कुत्री गोदावरीत पोहून यायची. मी म्हटलं, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची संगम माहुलीला समाधी आहे, ती काय उगाच बांधली? आणि आपल्या शिर्डीला बाबांनी बाळा शिंप्याचा हिवताप घालवायला लक्ष्मीच्या देवळापाशी काळ्या कुत्र्याला दहीभात घालायला सांगितला होता. साईचरित्रात लिहिलंय. गप्प बसले.

आता जायच्या दिवसाचं ऐक. त्याआधी गाडीची सवय कर, कोपरगाव बेटापर्यंत एक चक्कर, मग शिर्डीपर्यंत. नाहीतर कोकमठाणला समृद्धीवर चढेस्तोवर सगळं सीटवर ओकेल. निघायच्या दोन-तीन तास आधी थोडंसंच खायला दे. पोचल्यावर आधी शी-शू करवून आण. लसीचं कार्ड आणि घरातला एक टॉवेल बरोबर ठेव. सकाळची वेळ माग, तेव्हा भुंकणारी गर्दी कमी. आणि पहिल्या खेपेला पूर्ण कटिंग मागू नकोस. विंचरणं, आंघोळ, नखाचं टोक, झालंच तर. हा घाबरला तर अर्ध्यावर थांबवा म्हणावं, पैसे पुरे घ्या. कुठं हात लावलेला आवडत नाही तेही आधीच सांग. लपवाल तर पोरीचा हात फुटेल. आणि दारात उभी राहून ‘माझं बाळ गं’ करत रडू नकोस. तू रडलीस की त्याला वाटणार, नक्की काहीतरी भयंकर आहे.

माझ्याच भाचीकडं ने. पत्ता देते, माझं नाव सांग, उगीच जास्तीचं काही गळ्यात मारणार नाही ती. आणि गाडीत जागा असेल ना? नाही, जास्त काही नाही. गव्हाची एक गोणी, कुरडयांचा डबा आणि लोणच्याची बरणी. लाडूच्या नाकापासून लांब ठेव म्हणजे झालं.