तिसरा रकाना

माझं अक्षर बरं आहे, हा माझा दोष. त्यापायी नात्यागोत्यात लग्न ठरलं की याद्या करायला मध्यस्थ म्हणून मला बसवतात. कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, वर ‘श्री’ काढायचा आणि खाली तीन रकाने पाडायचे : वधूपक्ष, वरपक्ष, उभयपक्षी. पहिल्या दोन रकान्यांत खर्च असतो, तिसऱ्यात भांडण.

यंदा मुलगी साताऱ्याची, मुलगा नाशिकचा. “कार्यालय पुण्यात बघू, दोघांनाही मध्ये पडतं,” मुलीचे वडील म्हणाले. मुलाच्या काकांनी लगेच मोबाइल काढला. सातारा-पुणे सुमारे 110 किलोमीटर, नाशिक-पुणे 210. “हे कसलं हो मध्ये?” वरच्या शंभर किलोमीटरचं डिझेल वधूपक्षाकडे लागलं. टोल ज्याचा त्याने.

“बाकी आमची काही अपेक्षा नाही,” वरमाई म्हणाल्या. हे वाक्य कानावर आलं की पेनाला टोपण लावू नये. अपेक्षा नसलेल्यांच्या यादीला मला एकदा पुरवणी जोडावी लागली आहे.

हॉल, डेकोरेशन हे लाखांचे विषय मात्र चहा निवायच्या आत मिटले. निम्मं-निम्मं. मुला-मुलीनं ते आधीच ठरवून टाकलं होतं. बैठक पेटली ती कानपिळ्याच्या कपड्यांवर. नवरदेवाचा कान पिळणाऱ्या मेव्हण्याला वरपक्षानं कपडे करायचे, इथवर एकमत होतं. पण शर्टपीस की रेडिमेड? शर्टपीस दिला तर शिलाई कुणाची? रेडिमेड दिला आणि मेव्हणा त्यात मावला नाही तर? मेव्हणा समोरच बसला होता. त्याला दोनदा उभं करून पाहण्यात आलं. तेवढ्यात ड्रोनचा विषय निघाला. मुलीचे आजोबा म्हणाले, “वरून काढणार म्हणजे टकलंच येणार. ती त्यांच्याकडे जास्त आहेत. त्यांनीच भरावेत पैसे.”

हुंड्याचा शब्दही कुणी काढला नाही. 1961च्या कायद्यानं तो बंद आहे, म्हणून हल्ली त्याला ‘हौस’ म्हणतात. “मुलीला तुम्ही हौसेनं काय द्याल ते द्या,” असं झाल्यावर मी खाकरून सांगितलं की, 1985च्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींचीही यादी करायची असते : वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं आणि खाली वधूवरांची सही. खोलीत शांतता पसरली. दुपारपासून कापराच्या वड्यांपर्यंत याद्या करणाऱ्या त्या मंडळींना ही एकच यादी नको होती. कुणीतरी पंखा वाढवला.

शेवटी ताटं. ज्याची माणसं, त्याची ताटं. मान्य. दोन्हीकडच्या याद्या वाचून झाल्यावर लक्षात आलं की माझं नाव कुठेच नाही. मी मुलीच्या वडिलांचा मावसभाऊ आणि मुलाच्या आईचा जुना शेजारी.

“ते तुमच्याकडून ना?” वरमाई म्हणाल्या.

“छे, छे! आम्ही त्यांना तुमच्यात धरलंय.”

मी माझ्याच सुंदर अक्षरात माझं नाव तिसऱ्या रकान्यात लिहिलं. अर्धं ताट साताऱ्याचं, अर्धं नाशिकचं. आहेर मात्र दोन्हीकडे पुरा द्यावा लागला.