देवळालाच रंग नाही?

जलरंगात पांढरा रंग नसतो. म्हणजे पेटीत त्याची एक ट्यूब असते, पण ती वापरणाऱ्याकडे जाणकार मंडळी पंगतीत डाव्या हातानं भात कालवणाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात. जिथं पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडायचा, एवढं साधं तत्त्व. मला ते पटलेलं आहे. आमच्या घराला अजून पटवता आलेलं नाही.

विन्स्टन चर्चिलनं १९१५ साली, डार्डनेल्सच्या मोहिमेचं खापर डोक्यावर फुटून आरमार खातं हातचं गेल्यावर, चाळिशीत ब्रश हाती धरला. मला एवढी मोठी लढाई हरावी लागली नाही. बँकेतून निवृत्त होणं पुरलं. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी श्रीफळ, शाल आणि रंगपेटी दिली. शाल हिनं कुणालातरी देऊन टाकली, श्रीफळाची चटणी झाली. उरलेल्या वस्तूचा त्रास घरात अजून चालू आहे.

साताऱ्यात राहणाऱ्या हौशी चित्रकाराला वाईला गेल्यावाचून गती नाही. कृष्णेचा घाट, त्यावर १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, आणि पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून माशाच्या आकाराची केलेली त्याची मागची भिंत. सकाळच्या उन्हात शिखर असं लखलखतं की त्याला ब्रश लावायची छातीच होत नाही. लावायचाही नसतो. बोर्ड थोडा तिरका धरायचा, कोबाल्ट ब्लूचा भरपूर पाण्याचा थर वरून खाली उतरवत आणायचा, शिखराच्या कडेनं त्याला वळण द्यायचं आणि मधे थांबायचं नाही. थांबलात की तिथं रंग वाळून करवतीसारखी कड उमटते. नेमक्या याच वेळी पाठीमागं कपड्यांचा पिळा खांद्यावर टाकलेला एखादा गृहस्थ येऊन उभा राहतो आणि विचारतो, "काका, मोबाईल नाही का तुमच्याकडं?"

तरी त्या दिवशी चित्र जमलं. घाटाच्या पायऱ्यांवर बर्न्ट सिएना, पाण्यात सावल्या, आणि मधे कोऱ्या कागदातून आपोआप उभं राहिलेलं देऊळ. घरी आल्या आल्या आईला दाखवलं. तिनं चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सगळं रंगवलंस. देवळालाच रंग नाही? संपला होय रे?"

मी तिला उजेड समजावून सांगितला. कागदाचा शुभ्रपणा म्हणजेच ऊन, हेही सांगितलं.

"नदीला तीन तीन हात दिलेस," ती म्हणाली, "आणि गणपतीला कोरा ठेवलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर चित्रातल्या देवळाच्या दारात कुंकवाचं बोट उमटलेलं. आंघोळ करून, सोवळ्यानं, बरोबर गाभाऱ्याच्या जागी. मी बोलणार होतो, पण त्याच आठवड्यात आमच्या स्केचिंगच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ चित्रकार घरी आले. त्यांनी चित्र हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण तो लाल टच! एवढ्या निळ्यात तो एकच उष्ण बिंदू टाकायला धाडस लागतं." आई आतून ऐकत होती. तेव्हापासून चित्र पूर्ण झालं की नाही हे घरात तीच ठरवते.

हिचं खातं वास्तूचं. ठोसेघरचा धबधबा मी मोठ्या कष्टानं रंगवला, तर त्यातलं पाणी दाराच्या दिशेनं वाहतंय, म्हणजे पैसा घराबाहेर चालला, असं निघालं. आता तो धबधबा आतल्या खोलीत कपाटाकडं तोंड करून कोसळतो. कपाटात माझे पेन्शनचे कागद असतात. तिथंही काही वाढ झालेली दिसत नाही. कास तलावावरचा सूर्यास्त दिवाणखान्यात लावायला मात्र तिनं साफ नकार दिला. "मावळतं काही समोर नको." मी चित्राला हातही न लावता त्याचं नाव 'प्रभात' ठेवलं. चित्र लागलं. कासच्या पश्चिमेला सूर्य उगवतो, हे आमच्याकडं आलेल्या एकाही पाहुण्याला खटकलेलं नाही.

माझ्या कलेची पहिली ऑर्डरही घरातूनच आली. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, एक निसर्गचित्र पाहिजे. अडीच बाय दोन फूट. डावीकडं जरा जास्त चाललं तरी चालेल." मी भारावून विषय विचारला. "विषय कुठलाही घ्या हो, भिंतीला ओल आलीय."

कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या तळ्याची चित्रं पुन्हा पुन्हा काढत. मीही वाईचा घाट पुन्हा पुन्हा काढतो. त्यांना प्रकाश बोलावत असणार. माझं आधीचं चित्र कुणीतरी नातेवाईक वास्तुशांतीत द्यायला घेऊन गेलेला असतो.

माणसांचं चित्र काढावं असंही एकदा मनात आलं. सावळाराम हळदणकरांचं ते निरांजन घेतलेल्या बाईचं प्रसिद्ध चित्र आहे ना, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, पुष्कळ लोक जे राजा रविवर्म्याचं म्हणून दाखवतात, ते चक्क जलरंगातलं आहे. त्यासाठी हळदणकरांची मुलगी गीता हातात निरांजन धरून तासन्‌तास उभी राहिली होती. हा सगळा इतिहास सांगून मी हिला नुसती दहा मिनिटं उभी राहशील का, असं विचारलं.

"अहो, निरांजन देवापुढं धरतात," ही म्हणाली, "तुमच्यापुढं नाही. आणि सरका, भाजी लागेल खाली."

म्हणून आमचं कुटुंब माझ्या चित्रांत येतं ते ठिपक्यांच्या रूपानं. पालचा खंडोबा आमचं कुलदैवत. कऱ्हाडच्या अलीकडं, तारळी नदीकाठी, पौषात तिथं खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि भंडाऱ्यानं सगळं पात्र पिवळं होतं. हे रंगवायला माझ्यासारख्याला सोपं. कागद आधी पूर्ण भिजवायचा, त्यावर गँबोज आणि यलो ओकर सोडून द्यायचे, ते आपसांत ठरवतात कुठं जायचं. अर्धवट वाळलं की ब्रशच्या टोकानं ठिपके. ठिपके म्हणजे यात्रा. खाली थोडी ओली सावली दिली की ठिपके चालायलाही लागतात.

हे चित्र दिवाळीत सगळे जमलेले असताना बाहेर काढलं. प्रदर्शनात लोक चित्रापासून चार पावलं मागं जातात. आमच्याकडचे नाकाला रंग लागेल इतके पुढं आले. कुणीही पिवळ्या रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न: "आपण कुठं आहोत यात?"

मी म्हटलं, ही गर्दी आहे, त्यात विशिष्ट असं कुणी नाही. हे कुणी मनावर घेतलं नाही. धाकट्या आत्यांनी मिरवणुकीच्या अगदी पुढचा एक हिरवा ठिपका हेरला. "ही मी. ते लुगडं अजून आहे माझ्याकडं." आईनं देवळाच्या पायरीवरची जागा धरली. काकांनी झाडाखालचा पसरट ठिपका स्वतःहून कबूल केला. राहता राहिला नदीपलीकडचा एक तपकिरी थेंब, जो ब्रश झटकताना उडाला होता. तो थोरल्या आत्यांच्या वाट्याला आला.

"मी थोरली," त्या म्हणाल्या, "आणि मला नदीच्या पल्याड टाकलंस? ही पुढं मिरवते आणि मी तिकडं एकटी?"

जलरंगातला ठिपका सहजी पुसता येत नाही. स्वच्छ ओल्या ब्रशनं उचलून पाहिला, तर तिथं फिकट पिवळा ढग पडला आणि ठिपका होता तिथंच. मी प्रसंगावधान राखून सांगितलं, "आत्या, तो भंडारा आहे."

त्यांनी पुन्हा निरखून पाहिलं. "म्हणजे एवढ्या यात्रेत तो माझ्याच अंगावर उधळलाय की!" त्या एवढ्या खूश झाल्या की चित्र पिशवीत घालूनच गेल्या.

आता रोज संध्याकाळी धाकट्या आत्यांचा फोन येतो. त्यांच्या हिरव्या लुगड्यावर भंडारा का नाही, असं त्या विचारतात, आणि चित्र परत मागवून तेवढा टाकून दे म्हणतात. थोरल्या चित्र द्यायला तयार नाहीत. मी पालचं दुसरं चित्र करायला घेतलंय. ठिपके मारायच्या आधी यादी मागवली आहे.